रोप चांगलं हाय

विद्यापीठ प्रक्षेत्र,
पेठ रस्ता, नाशिक
बुधवार, १६ एप्रिल २००८

ती. मावशी,

तुझ्या हाताचा फोटो कागदावर चिकटवत होतो. एक कोपरा चिकटला, तीन राहिले. तसाच ठेवून हे लिहायला घेतलं. डिंकाची बाटली उघडीच आहे.

नमस्कार. मी ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे? लखनही द्राक्षाच्या कामावरून परत आला का? रोशनीला सांग की... पण हे तुला रोशनीच वाचून दाखवत असणार. रोशनी, सावकाश वाच. मध्ये थांबावंसं वाटेल, पण एकही ओळ गाळू नकोस. तुझ्याबद्दल एक ओळ आहे, तीसुद्धा गाळू नकोस.

हे लखनच्या मोबाईलवर सांगता आलं असतं. पाड्यावर रेंज नाही, पण तो पेठच्या बाजाराला जातो तेव्हा फोन लागतो. फोनवर मी हॅलो हॅलो करून सुटलो असतो, म्हणून लिहितो आहे.

इकडे गहू निघाला. काड जाळलं नाही, खड्ड्यात कुजायला घातलं. डिझेलचे दोन पंप काढून विजेचे बसवले. आमच्या मजुरांतल्या कोंडाजीच्या मुलीचं लग्न ठरलं. तो अजून तुझी आठवण काढतो. शिवारफेरीच्या दिवशी तू त्याला म्हणाली होतीस, 'चहा देतोस का पानी रंगवून देतोस?' ते तो सगळ्यांना सांगतो.

त्या दिवसाबद्दलच लिहायचं आहे.

उद्या दहा वाजता इथे सभा आहे. तू पाहिलेल्या उज्ज्वला मॅडम असतील, आणि बाहेरचे दहा-बारा अधिकारी. विद्यापीठाच्या मालकीची जी जमीन आहे तिच्यातून हवेत जाणारा कार्बन कमी करायचा, हे मॅडमचं काम. कार्बन म्हणजे काय ते मॅडमनी तुम्हाला त्या दिवशी धुरावरून समजावलं होतं. आमच्या एकशे दहा एकरांतून वर्षाला तो किती जातो याचा तक्ता मीच केला. डिझेल, ट्रॅक्टर, युरिया, भाताच्या खाचरात साठलेलं पाणी, आणि राब, तक्त्यात 'भाताच्या रोपासाठी जागा भाजणे' असा. राबाचा आकडा त्या तक्त्यात सगळ्यात खाली आहे आणि सगळ्यात लहान आहे. पण युरियातून काय जातं ते दिसत नाही. राबाचा धूर पेठ रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतूनही दिसतो. पाहुण्यांना दाखवायला राब सोयीचा.

म्हणून आमच्या प्रक्षेत्रावर राब भाजणं बंद झालं. झाडाच्या फांद्या तोडून कवळं रचणं नाही, शेण-पाला पेटवणं नाही. गादीवाफा करायचा, कुजलेलं खत घालायचं, त्यात भात पेरायचं. हे बघणं माझं काम होतं. उद्याच्या सभेत ठरायचं आहे की पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबक या तालुक्यांतल्या बेचाळीस पाड्यांना यंदापासून हेच करायला सांगावं. त्यासाठी एक पुस्तिका छापली जाणार आहे. तिच्या पहिल्या पानावर तुझा फोटो आहे. फोटोखाली तुझेच शब्द आहेत. 'रोप चांगलं हाय.' भागीबाई, शेतकरी.

मागे जाऊन सांगतो.

२००४ साली या नोकरीसाठी मुलाखत होती. त्याच्या दोन दिवस आधी मी तुझ्याबरोबर राब भाजत होतो. तुला आठवतं, वारा फिरला आणि झिपरूबाबाचं धोतर पेटता पेटता राहिलं? समोरच्या साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या भागात लोक अजून डोंगर जाळतात म्हणे." मी म्हणालो, "काही लोक जाळतात सर. आमच्या घरी नाही." माझ्या शर्टाला धुराचा वास होता. ती पंधरा मिनिटं मी त्या शर्टाला घाबरून बसलो होतो.

आमच्या घरी, म्हणजे तुझ्या घरी. आई गेल्यापासून मला दुसरं घर नव्हतं.

नोकरी मिळाली. पहिल्या वर्षी, पंच्याहत्तर टक्के म्हण, बिनभाजणीचं रोप जमलं. दुसऱ्या वर्षी नाही जमलं. वाफ्यात तण इतकं माजलं की भाताचं रोप शोधावं लागे. जे होतं ते पिवळं, वीतभर. मॅडमना मी म्हणालो, थोडं मागे आहे. त्या म्हणाल्या, "किशोर, नाही जमलं तर नाही जमलं असं लिहा. तेही आपल्याला हवंच आहे." हे मी मुद्दाम सांगतो आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. नोकरी जाण्याची भीती नव्हती. शिवारफेरी ठरली होती, आपल्या पाड्याचे लोक विद्यापीठाच्या गाडीतून येणार होते, आणि मला त्यांच्यापुढे पिवळ्या वाफ्याजवळ उभं राहायचं नव्हतं. एवढंच होतं. तेवढ्यासाठी मी ते केलं.

शिवारफेरीच्या दहा दिवस आधी मी मोटरसायकलवर तुझ्याकडे आलो. म्हणालो, क्वार्टरच्या मागे थोडी जागा आहे, घरापुरतं भात लावतो, रोप दे. तू हसलीस. "साहेब झाला तरी चिखल सुटंना व्हय रं?" तू खूश झालीस ते मला दिसलं. तुझी स्वतःची आवणी अर्धी राहिली होती, रोप लावायचं बाकी होतं. लखन कुरकुरला, तर तू त्याला म्हणालीस, "आधी त्याचं. आपलं काय, एक कोपरा रिता राहील." रोपाच्या साठ मुठी दिल्यास, दोन पोत्यांत. पाडाभर लोक मुठी गवतानं बांधतात. तू आजीसारखी जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्याच्या चिंधीनं बांधतेस. गवतानं रोपाची मान कापते म्हणतेस. त्या वर्षीचा काठ हिरवा होता.

क्वार्टरच्या मागे जागा नाही मावशी. तिथे पाण्याची टाकी आहे.

तुझं रोप मी विद्यापीठाच्या खाचरात लावलं. बिनभाजणीची पाटी होती त्या खाचरात. दिवस उजाडताना मी आणि कोंडाजी, दोघांनी. आमचं पिवळं रोप त्याच्या आदल्या दिवशी उपटून चिखलात तुडवलं होतं. कोंडाजीनं पहिलीच मूठ हातात घेतली आणि म्हणाला, "भाऊसाहेब, हे रोप आपलं नाय."

"आपलंच आहे. लाव."

"काल म्हातारी होती, एका रात्रीत पोरगी झाली का?"

मी दुसऱ्या मुठीची चिंधी सोडली आणि लावायला वाकलो. चिंध्या मी गोळा करून खिशात घातल्या. सगळ्या गोळा केल्या असं मला वाटलं.

रोशनी, थांबली असशील तर पुढे वाच.

शिवारफेरीचा दिवस तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण मला जे दिसलं ते सांगतो. चौदा घरांतून तुम्ही सव्वीस माणसं आलात. पोहे झाले, चहा झाला. मॅडमनी धुराचं सांगितलं. झिपरूबाबा म्हणाला, "म्हंजे बाई, आता बिडीबी बंद का?" सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "बिडी सोडाच बाबा, पण ते तुमच्या छातीसाठी." झिपरूबाबा म्हणाला, "मंग राहू द्या. छाती माझी हाय, इद्यापीठाची नाय." मग सगळे बांधावर आलात. रोपानं जीव धरला होता. गडद हिरवं, जाड. झिपरूबाबानं वाकून बघितलं आणि तुझ्याकडे वळून म्हणाला, "भागी, तुझ्या भाच्यानं जाळल्याबिगर रोप काढलं की. तू बोल. तुला कळतं."

तू बांधावर बसली होतीस. तुझा डावा हात रोपावर होता. उजवा मांडीवर, मूठ मिटलेली. सगळे तुझ्याकडे बघत होते आणि फोटोवाला समोर आला. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, अभिमानानं. मग तू म्हणालीस, "रोप चांगलं हाय."

तेवढंच. परत जाताना गाडीत चढण्याआधी मी तुला नमस्कार केला. तू माझ्या डोक्यावर हात ठेवला नाहीस. हात चिखलाचे असतील म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे गेल्या वर्षी, आपल्या चौदाही घरांनी राब भाजला नाही. मी पाड्यावर येऊन गादीवाफे आखून दिले, दोरी धरून. आषाढात लखन इथे फाटकाशी येऊन उभा राहिला. "दादा, राबात रोप कुठं आन् तण कुठं, काय कळंना. आईनं सांगितलंय, येऊन बघ." मी म्हणालो, दोन दिवसांत येतो. तो गेला नाही. म्हणाला, "आई भाजणार होती. कवळं तोडून आणली होती ना आम्ही. मंग आईच म्हनली नको. लोक इचारतील, सख्खी मावशी आन् तिचाच भरवसा नाय. लाकडं चुलीला लावली."

तेव्हा मला वाटलं, तुझा माझ्यावर केवढा विश्वास. लाज वाटली, पण थोडं बरंही वाटलं. ते बरं वाटणंसुद्धा लिहून ठेवतो.

मॅडमनी मला चौकशीला पाठवलं. मी पेठच्या स्टँडवर उतरलो. पाड्याकडे जाणारी जीप समोर उभी होती. मी चहा घेतला, दुसरा घेतला, आणि त्याच गाडीनं परत आलो. अहवालात लिहिलं की पावसाचा खंड पडल्यामुळे रोपं बसली. शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा करायला तयार आहेत. हे मी कोणाला विचारलं नव्हतं. मॅडमनी विश्वासानं सही केली.

चौदा घरांची खाचरं पडली. कोणी वरच्या माळावर उशिरा नागली फेकली, तीही धड झाली नाही. दरवर्षी दिवाळीनंतर एकटा लखन बाहेर पडायचा. गेल्या वर्षी तुम्ही श्रावणातच दाराला कडी लावून तिघंही निघालात.

आता रोशनीची ओळ. फेब्रुवारीत मी मॅडमबरोबर दिंडोरीकडे जीपनं जात होतो. चहाच्या टपरीशी थांबलो. समोर द्राक्षाच्या मजुरांची ट्रॉली होती. "किशोरदादा!" अशी हाक आली. मी ऐकली. मी मांडीवरची वही उघडली आणि तिच्यात बघत राहिलो. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की तू रोशनीचा वर केलेला हात धरून खाली घेतलास. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला हाक मारतायत का?" मी म्हणालो, "नाही मॅडम, दुसऱ्या कोणाला असेल." रोशनी, त्या महिन्यात तू दहावीच्या वर्गात असायला हवी होतीस. तू मला ओळखलंस आणि मी तुला ओळखलं. परीक्षा कशामुळे बुडाली ते तुला आता कळलं.

मावशी, हे सगळं मला दोन वर्षं माहीतच होतं. तरी मी लिहिलं नाही. आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे.

छापखान्यातून तुझा फोटो मोठा करून आला. वहीएवढा. मॅडमनी सांगितलं, पहिल्या पानावर लावून उद्या दाखवा. एक कोपरा चिकटवला आणि दुसरा दाबताना माझं बोट तुझ्या उजव्या हातावर आलं. मिटलेल्या मुठीतून, दोन बोटांच्या मधून, हिरवी कड बाहेर आली आहे. अर्धा इंच असेल. जवळ नेऊन बघितली. उजेडात नेऊन बघितली. लुगड्याचा काठ आहे.

बांधावर एक चिंधी राहिली होती. ती तुला सापडली होती.

म्हणजे तुला त्या दिवशीच कळलं होतं. सव्वीस माणसांसमोर, झिपरूबाबानं विचारलं तेव्हा. तू माझ्याकडे बघितलंस. एक शब्द बोलली असतीस तर माझी नोकरी तिथेच संपली असती. तू खोटंही बोलली नाहीस. रोप चांगलंच होतं. तुझंच होतं.

आणि पुढच्या उन्हाळ्यात तू राब भाजला नाहीस. हे मला आज दुपारपासून उलगडतं आहे आणि संपत नाही. पाड्यावरच्या तेरा घरांनी माझ्यावर विसंबून राब सोडला. तू विसंबली नव्हतीस. तुला ठाऊक होतं की रोप येणार नाही. कवळं दारात पडली होती. पण तू एकटीनं भाजलं असतंस तर लोकांनी विचारलं असतं, का? त्या प्रश्नाचं उत्तर मी होतो. ते उत्तर द्यावं लागू नये म्हणून तू स्वतःचं शेत पडू दिलंस. लखनला सांगितलं नाहीस, रोशनीला सांगितलं नाहीस. शाळा सोडवून तिला घेऊन गेलीस तरी सांगितलं नाहीस. ट्रॉलीत तिचा हात धरलास तोही माझ्यासाठीच, मला तोंड लपवता यावं म्हणून.

त्या तेरा घरांना तू सांगायला हवं होतंस, असं क्षणभर मनात आलं. ते मनात आलं याचीही लाज वाटते. सांगायचं मी होतं.

एक गोष्ट मॅडमच्या बाजूनं लिहायला हवी. त्यांची पद्धत खोटी नाही. तणाचं काय करायचं ते शोधायला हवं होतं. दोन-चार वर्षं लागली असती, कदाचित निघालं असतं. माझ्या हिरव्या खाचरामुळे कोणी शोधलंच नाही. जे जमलं असं सगळ्यांना वाटतं ते कोण दुरुस्त करतो? धूर कमी व्हायला हवा, हे मला अजूनही खरं वाटतं. आता मी ते कोणत्या तोंडानं बोलणार, ते माहीत नाही.

यंदा तू काय ठरवलंस ते मला माहीत नाही. झिपरूबाबा पुन्हा वाफे आखतो आहे असं कोंडाजीनं बाजारात ऐकलं. माझ्यासाठी थांबू नका. कवळं तोडली नसतील तर तोडा. राब भाजा. चौदाही घरांनी भाजा, आणि कोणी विचारलं तर का ते सांग. माझं नाव घेऊन सांग. आता ते तुझ्याजवळ ठेवू नकोस.

उद्या दहाच्या सभेत मी हे सांगणार आहे. हे लिहिणं सोपं आहे, पण उद्याचं उद्या. मुलाखतीतही मला खरंच सांगायचं होतं.

क्षमा मागत नाही. तू करशील, आणि ती मला परत फुकटच मिळेल.

पत्राखाली 'तुझा' असं लिहायची रीत आहे. ते तू सांगशील तेव्हा लिहीन.

किशोर


गुरुवार, १७ एप्रिल, पेठ गाडीच्या स्टँडवर

सकाळी आठला मॅडमच्या खोलीत गेलो. फोटो समोर ठेवला आणि हिरवी कड दाखवली. त्यांनी सगळं ऐकलं. शेवटी एकच विचारलं, "चौकशीला गेला होतात, ते तरी खरं होतं का?" मी नाही म्हणालो. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

दहाला सभेत मी उभा राहून सांगितलं. पुस्तिका थांबली. बेचाळीस पाड्यांचं कागदावरून काढलं. माझी चौकशी लागेल, तोवर कामावर यायचं नाही.

निघताना पाकीट टेबलावर ठेवलं, पोस्टात टाकायला. मॅडमनी पत्ता वाचला. म्हणाल्या, "हिला वाचता येतं?" मी म्हणालो, मुलगी वाचून दाखवते. त्यांनी पाकीट उचलून माझ्या हातात परत दिलं. "त्या पोरीला हे वाचायला लावू नका. तुम्ही जा आणि तुम्ही वाचा."

साडेअकराची गाडी लागली आहे. मी तिकीट काढलं.